आमची वाटचाल : रोलच्या पिशवीपासून पहिल्या कॅमेऱ्यापर्यंत

आमचे दुकान साताऱ्यात राजपथावरून आत वळणाऱ्या एका बोळात आहे. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, ते सुरू केले तेव्हा येथे छत्तीस फोटोंचे रोल विकले जात, पासपोर्ट फोटो काढले जात आणि गिऱ्हाइकांनी धुवायला दिलेले रोल एका कापडी पिशवीत भरून रोज संध्याकाळच्या एसटीने पुण्याच्या लॅबला पाठवले जात. डिजिटल कॅमेरे आले तशी ही पिशवी आधी एक दिवसाआड जाऊ लागली, मग आठवड्यातून एकदा, आणि एके दिवशी ती खुंटीवरच राहिली. अण्णांनी रोलचे कपाट रिकामे केले आणि त्यात छोटे डिजिटल कॅमेरे मांडले.

ते कॅमेरे आम्ही कसे विकले, हे आज सांगताना थोडा संकोच वाटतो. दहा मेगापिक्सेलपेक्षा बारा बरा आणि बारापेक्षा चौदा बरा, एवढेच गणित आम्ही गिऱ्हाइकाला सांगत होतो, कारण आम्हालाही तेवढेच ठाऊक होते (एक मेगापिक्सेल म्हणजे चित्रातले दहा लाख ठिपके). वास्तविक चार बाय सहा इंचाच्या नेहमीच्या कॉपीला तीनशे ठिपके प्रति इंच या हिशेबाने १२०० गुणिले १८०० म्हणजे जेमतेम बावीस लाख ठिपके लागतात आणि आठ बाय बारा इंचालासुद्धा नऊ मेगापिक्सेल पुरतात. फरक पडतो तो सेन्सरच्या, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पट्टीच्या, आकाराने. खिशातल्या त्या कॅमेऱ्यांचा सेन्सर साधारण सहा मिलिमीटर रुंद असे, तर सुरुवातीच्या डीएसएलआरचा, म्हणजे लेन्स बदलता येणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्याचा, बावीस ते चोवीस मिलिमीटर. त्यामुळे संध्याकाळी हळदीच्या मांडवात छोट्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोत नुसते दाणे दिसत आणि डीएसएलआरच्या फोटोत चेहरा दिसे. हे आम्हाला कंपनीच्या पत्रकातून नव्हे, तर तक्रार घेऊन परत आलेल्या गिऱ्हाइकांकडून कळले.

त्याच काळात पेन्सिल सेलवर चालणारे स्वस्त कॅमेरेही खपत होते. घड्याळात घालायचे साधे सेल त्यात घातले की वीस-पंचवीस फोटोंत कॅमेरा बंद पडे आणि माणूस कॅमेरा सदोष आहे म्हणून भांडायला येई. चार चार्जेबल सेल आणि चार्जर बरोबर घेतल्याखेरीज तो कॅमेरा द्यायचा नाही, असा नियम अण्णांनी केला. ॲक्सेसरीजविषयी आमच्या दुकानाने केलेला तो पहिला नियम होय. दुसरा नियम मात्र आमच्या स्वतःच्या चुकीतून आला आणि तो बराच महागात पडला.

२०११ च्या भाद्रपदात जावळी तालुक्यातील एका शाळेचे गुरुजी आमच्याकडे आले. कासच्या पठारावरील फुले आणि शाळेचे स्नेहसंमेलन ही त्यांची दोन कामे होती आणि पैसे मोजून आणलेले होते. आम्ही त्यांना निकॉनचा डी३१०० हा डीएसएलआर किट लेन्ससह, म्हणजे कॅमेऱ्याबरोबरच खोक्यात येणाऱ्या लेन्ससह, दिला, आणि ‘फुलांना पन्नास एमएम घ्या, मागचे सगळे कसे विरघळते ते पाहा’ असे सांगून वर पन्नास एमएम एफ १.८ डी ही लेन्स घ्यायला लावली. तिची नवी, ‘जी’ या अक्षराची आवृत्ती महाग होती, ही चांगलीच स्वस्त होती आणि तिच्या अंगावर ‘एएफ’ अशी ठळक अक्षरेही होती. गुरुजी खूश होऊन गेले आणि पुढच्या सोमवारी मेमरी कार्ड घेऊन परत आले. संगणकावर आम्ही त्यांची दीडशे चित्रे एकेक करून पाहिली. तेरडा अस्पष्ट, सीतेची आसवं अस्पष्ट, शेवटी स्वतःच्या मुलाचा चेहराही अस्पष्ट.

“अहो, यावर ऑटोफोकस लिहिलंय ना?” त्यांनी शांतपणे विचारले.

लिहिलेले होतेच. पण त्या जुन्या पद्धतीच्या लेन्समध्ये मोटर नसते. तिचा फोकस बॉडीतल्या, म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यातल्या, मोटरने फिरतो आणि डी३१०० सारख्या स्वस्त बॉडीत कंपनीने ती मोटर ठेवलेलीच नव्हती. निकॉनच्याच डी९० किंवा डी७००० या वरच्या बॉडीवर हीच लेन्स झटकन फोकस करते. डी३१०० वर मात्र कडे हाताने फिरवावे लागते, जे शिकाऊ माणसाला खाली वाकून, वाऱ्यात हलणाऱ्या बोटभर फुलावर साधणे अवघड असते. याहून लाजिरवाणी बाब आमच्या नंतर लक्षात आली. ती पन्नास एमएम वस्तूपासून पंचेचाळीस सेंटिमीटरच्या आत फोकसच होत नाही, तर गुरुजींच्या घरी खोक्यात पडून राहिलेली किट लेन्स अठ्ठावीस सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते आणि फूल जवळजवळ दुप्पट मोठे दाखवते. म्हणजे ज्या कामासाठी आम्ही त्यांना जास्तीचे पैसे खर्चायला लावले, ते काम त्यांच्याकडे आधीच असलेल्या लेन्सने अधिक चांगले केले असते. अण्णांनी लेन्स परत घेतली, पूर्ण पैसे दिले आणि मला त्या दिवशी एक शब्दही बोलले नाहीत.

त्यानंतर आम्ही काउंटरवर दोनशे पानी वही ठेवली, जी आजही, म्हणजे आता तिचे सातवे भावंड, चालू आहे. नवखे गिऱ्हाईक आले की आधी तीन गोष्टी लिहून घेतो : कशाचे फोटो काढणार, ते कोठे पाहणार आणि एकूण रक्कम किती. मग त्या रकमेतील साधारण एक तृतीयांश भाग बाजूला काढून उरलेल्यात कॅमेरा बसवतो. गिऱ्हाइकाला हे पहिल्यांदा पटत नाही. हातात तीस हजार असले की त्याला तीस हजारांचाच कॅमेरा हवा असतो आणि पिशवी, कार्ड, जादा बॅटरी ‘नंतर बघू’ या खात्यात जातात. ते नंतर सहसा येत नाही. परिणामी भारी कॅमेरा तांदळाच्या पिशवीत गुंडाळून एसटीच्या रॅकवर ठेवलेला आम्ही पाहिला आहे.

कार्डाच्या बाबतीत आम्ही स्वतःच फसलो होतो. मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून स्वस्तात आणलेल्या पंचवीस कार्डांवर ३२ जीबी छापलेले होते, पण आत जागा आठचीच होती. आठ भरल्यानंतर कार्ड तक्रार न करता पुढचे फोटो गिळत राही. त्यातले एक कार्ड एका साखरपुड्यात वापरले गेले, आणि त्या घरच्यांसमोर बसून आम्ही जे ऐकून घेतले ते येथे लिहिण्यासारखे नाही. तेव्हापासून प्रत्येक नव्या मालातली कार्डे संगणकावर काठोकाठ भरून आणि पुन्हा वाचून तपासतो. दहा एमबी प्रति सेकंद या वेगाने एक ३२ जीबीचे कार्ड नुसते भरायलाच जवळपास तास लागतो, म्हणून हे काम रात्री लावून ठेवतो. शिकाऊ माणसाने एक मोठे कार्ड घेण्याऐवजी दोन लहान घ्यावीत, असे आमचे मत आहे. व्हिडिओ काढायचा असेल तर कार्डावर व्ही३० हे लिहिण्याच्या वेगाचे चिन्ह पाहावे.

तिपाईविषयी, म्हणजे ट्रायपॉडविषयी, आमचे मत गिऱ्हाइकांना विचित्र वाटते. पातळ पायांची स्वस्त तिपाई वाऱ्यात कॅमेऱ्यापेक्षा जास्त हलते, आणि कासच्या पठारावरची फुले जमिनीपासून वीतभर असल्यामुळे तेथे उंच तिपाईचा उपयोगच नसतो. म्हणून शेजारच्या शिंप्याकडून जुन्या जीन्सच्या पिशव्या शिवून घेतल्या आणि त्यात हुलगे भरले. पिशवी वाटेच्या कडेला ठेवायची आणि तिच्यावर कॅमेरा हलकेच दाबून बसवायचा. (पहिल्या पावसाळ्यात हुलग्यांना किडे लागले. आता थर्माकोलचे मणी भरतो. वजन कमी होते, पण तक्रार नाही.)

पावसाळ्याचा विषय निघाला की मी जरा लांबण लावतो, त्याला इलाज नाही. महाबळेश्वर-पाचगणीकडील गिऱ्हाइकांच्या लेन्सवर दोन पावसाळ्यांत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी येते, आणि ती काचेच्या लेपात शिरली की साफसफाईने पूर्ण जात नाही. कॅमेऱ्याची देखणी चामड्याची बॅग याला मदतच करते. त्यावर महागडे कपाट लागत नाही. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, पावशेर सिलिका जेल, म्हणजे ओलावा शोषणारे निळे खडे, आणि आर्द्रता दाखवणारे छोटे मीटर पुरते. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांत राहिला पाहिजे. हे खडे गुलाबी झाले की स्वयंपाकाला न वापरण्याच्या जुन्या कढईत मंद आचेवर परतून पुन्हा निळे करावेत. हा डबा आम्ही प्रत्येक कॅमेऱ्याबरोबर बिलातच धरतो.

पुढची वर्षे थोडक्यात सांगतो. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि डिजिटल कॅमेऱ्यावर अठ्ठावीस टक्के बसला. तो जानेवारी २०१९ पासून अठरावर आला. टाळेबंदीत कॅमेरे विकलेच गेले नाहीत, शिक्षकांनी मोबाईलचे स्टँड आणि दिवे मात्र नेले. मोबाईलने छोटा कॅमेरा संपवला हे तर उघडच आहे : २०१० साली जपानी कंपन्यांनी जगभर बारा कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे धाडले होते, २०२० साली तो आकडा नव्वद लाखांच्या आत आला. आमच्याकडेही आता घरगुती फोटोंसाठी कोणी आले तर वहीत नोंद करून, हातातला मोबाईलच पुरेल असे सांगून परत पाठवतो.

जे थांबतात त्यांना बहुधा जुन्या बाजारातला कॅननचा १५००डी किंवा निकॉनचा डी३५०० दाखवतो, शटर किती वेळा चालले आहे ते मोजून आणि लेन्समधून टॉर्चचा उजेड आरपार टाकून बुरशी पाहून. नवाच हवा आणि व्हिडिओही करायचा असेल, तर कॅननचा आर१०० किंवा निकॉनचा झेड३० असतो. मात्र झेड३० ला डोळा लावायची खिडकी नाही, हे भर उन्हात पठारावर गेल्यावर कळण्यापेक्षा दुकानात कळलेले बरे, म्हणून आम्ही गिऱ्हाइकाला तो घेऊन बोळाच्या तोंडाशी उन्हात उभे करतो.

गुरुजींकडून परत घेतलेली पन्नास एमएम इतकी वर्षे काउंटरवरच होती. प्रत्येक नवख्या गिऱ्हाइकाच्या हातात ती एका जुन्या डी३१०० वर लावून द्यायची, समोरच्या कॅलेंडरवरची तारीख टिपायला सांगायचे आणि मग बॉडी व लेन्स जुळवून का घ्यायची ते सांगायचे, असा आमचा पाठ होता. गेल्या महिन्यात वाईचा एक तरुण सेकंडहँड डी७००० घेऊन आला आणि सहज म्हणून त्याने ती लेन्स स्वतःच्या बॉडीवर चढवली. खर्रकन आवाज झाला आणि तारीख स्पष्ट आली. त्याने किंमत विचारली. मी अण्णांकडे पाहिले, ते म्हणाले, “देऊन टाक.” आता पाठ शिकवायला तशीच दुसरी लेन्स शोधतो आहोत.