शंभर वॅटचा ॲम्प आणि हरवलेला खर्ज

"बास येत नाही, मोठा ॲम्प द्या." पुण्यात तापकीर गल्लीतल्या माझ्या ॲम्प्लिफायर-स्पीकरच्या दुकानात हे वाक्य रोजचं आहे. त्या दिवशी आलेल्या काकांचंही म्हणणं तेच होतं, पण त्यांनी फोनवर स्पीकरचा फोटो दाखवला आणि मी हातातलं काम बाजूला ठेवलं. रॉजर्सचे एलएस ३/५ए! भावाने ऐंशीच्या दशकात इंग्लंडहून आणलेले, आणि मागच्या पट्टीवर त्यांचा विद्युत अवरोध स्पष्ट लिहिलेला, १५ ओहम.

हे स्पीकर मुळात घरासाठी नव्हतेच. बाहेरून प्रक्षेपण करणाऱ्या गाडीत, जिथे मोठा स्पीकर मावत नाही तिथे आवाज पारखता यावा म्हणून बीबीसीने ते १९७० च्या दशकात तयार केले. खोका जेमतेम पाच लिटरचा आणि पूर्ण बंद. खालच्या सुरांसाठी केफ कंपनीचा पाच इंची वूफर, वरच्या सुरांसाठी केफचाच छोटा ट्वीटर. माणसाचा आवाज यातून जितका खरा येतो, तितका याच्या चौपट किमतीच्या स्पीकरमधून येईलच असं नाही. पण सत्तर-ऐंशी हर्ट्झच्या खाली आवाज झपाट्याने उतरतो. त्यात इलाज नाही. एक सप्तक खाली तेवढाच आवाज हवा असेल तर वूफरला चौपट अंतर पुढेमागे हलावं लागतं, आणि एवढ्याशा वूफरकडे तेवढी जागाच नसते.

"काका, आत्ता कोणता ॲम्प लावलाय?"

"अरे, ऑनलाइन मागवलाय. शंभर वॅट! तरी डग्गा पोकळ वाजतो."

दुकानात बसून हे सुटणार नव्हतं. स्कोप (विजेची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र), माझा जुना क्वाड ४०५ हा ट्रान्झिस्टर ॲम्प त्याच्या प्रीॲम्पसकट, आणि ईएल ३४ जातीच्या वॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा, एक ॲम्प गाडीत टाकला आणि एरंडवण्यात त्यांच्या घरी गेलो.

काकू गाणं शिकलेल्या. त्यांनी पहिल्याच मिनिटाला काकांची तक्रार दुरुस्त केली. "डग्ग्याचं वेगळं आणि तानपुऱ्याचं वेगळं. डग्गा मोठ्याने लावल्यावर फाटतो. खर्ज मात्र हळू लावा नाहीतर मोठ्याने, ऐकूच येत नाही." इतकं नेमकं सांगणारं गिऱ्हाईक क्वचित भेटतं. पुढचं सगळं काम याच दोन वाक्यांवर झालं.

आधी डग्गा. ॲम्प तळहाताएवढा, आणि त्याची बासची खुंटी शेवटपर्यंत उजवीकडे फिरवलेली. या जातीच्या ॲम्पमध्ये स्पीकरची मायनस तार म्हणजे ग्राउंड नव्हे. स्कोपची क्लिप तिथे अडकवली तर ॲम्प जागीच जातो. म्हणून दोन प्रोब लावून त्यांच्यातला फरक पाहिला. काकांनी मैफलीची सीडी लावली. गायकाच्या आलापात लाट छान गोलाकार होती. सम आली, डग्ग्यावर थाप पडली, आणि पडद्यावर लाटेची डोकी वरून-खालून सपाट कापली गेली. तेवीस व्होल्टच्या आसपास, दर थापेला. काका खुर्चीतून उठून पडद्याजवळ आले आणि बराच वेळ तेच बघत राहिले.

कारण पॉवर सप्लायवर छापलेलं होतं : २४ व्होल्ट. हा ॲम्प लाटेचा माथा चोवीस व्होल्टच्या वर नेऊच शकत नाही. चोवीसचा वर्ग ५७६, त्याला पंधराच्या दुपटीने भागलं की हाती एकोणीस वॅट येतात, तेही कागदावर. खोक्यावरचे शंभर वॅट बहुधा ४ ओहमला आणि दहा टक्के विकृती धरून लिहिलेले असतात, आणि दोन्ही बाजूंची बेरीजही त्यात असते. त्यातून बासची खुंटी. बास दहा डेसिबलने वाढवला की त्या सुरांना दहापट वॅट लागतात. म्हणजे बास कमी वाटतो म्हणून खुंटी फिरवायची, आणि त्यामुळेच डग्गा कापला जायचा. अशा ॲम्पवर मोठी अक्षरं छापणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो. काकांसारखा माणूस त्यावर विश्वास ठेवून वर्षभर चुकीच्या जागी दोष शोधत राहतो.

क्वाड जोडला. ८ ओहमला १०० वॅटचा हा ॲम्प, म्हणजे माथा चाळीस व्होल्टचा. १५ ओहमला पन्नासच्या आसपास वॅट उरतात, पण ते खरे. खुंटीबिंटी काही नाही, आवाज आधीएवढाच. सम आली आणि काकूंनी हात वर केला. "आता मींड ऐकू आली! मनगट दाबून सूर वर नेला ना, तो सबंध ऐकू आला." स्कोपवर डोकी गोल होती. एक सांगतो : या स्पीकरला २५ वॅटचीच शिफारस आहे. मोठा ॲम्प लावायचा तो थापेपुरती मोकळी जागा राहावी म्हणून. खुंटी पिळून हॉल हादरवायला नव्हे.

मग वॉल्व्हचा लावला. वॅट क्वाडपेक्षा कमी, तरी काका लगेच म्हणाले, "हा जास्त भरलेला वाटतो." त्यांचा कान बरोबर होता. वॉल्व्हच्या ॲम्पला मागे ट्रान्सफॉर्मर असतो, त्याच्या १६ ओहमच्या टॅपवर (जोडणीवर) पूर्ण ताकद मिळते. शिवाय या ॲम्पचा स्वतःचा अवरोध एक-दोन ओहम असतो. स्पीकरचा अवरोध जिथे एकदम वर चढतो, म्हणजे त्याच्या घुमण्याच्या जागी, तिथे आवाज डेसिबलभर उचलला जातो. बास वाढतो तो एवढाच, आणि नेमका हवा तिथे. पण थाप बसल्यावर डग्गा थोडा रेंगाळत होता. मला स्वतःला क्वाडचा डग्गा आवडला, काकांना वॉल्व्हचा गायक. काकू कोणाच्याच बाजूने बोलल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "खर्ज अजून नाही."

खरंच नव्हता. मैफलीची पट्टी काळी एक, तिचा सा साधारण १३८ हर्ट्झ, त्याचा खर्ज ६९. स्पीकर तिथे उतरायला लागलेला असतो, पण गप्प नसतो. मी टेपने हॉल मोजला. लांबी सोळा फूट. काकांची खुर्ची मागच्या भिंतीपासून चार फुटांवर, कारण मागे डायनिंग टेबल. ७० हर्ट्झची लाट सोळा फूट लांब असते, तिचा चौथा हिस्सा चार फूट. भिंतीवरून परत आलेली लाट त्या जागी समोरून येणाऱ्या लाटेला खोडून काढते. तिथे बसलेल्याला कोणत्याही ॲम्पचा खर्ज ऐकू येणार नाही, लाखाचा असो की हजाराचा.

फोनवरून ७० हर्ट्झचा एकच सूर चालू ठेवला आणि काकूंना खुर्चीपासून हळूहळू मागे चालायला सांगितलं. दोन पावलांत त्या थांबल्या, पुढे आल्या, परत मागे गेल्या. "अहो, इकडे या, इथे आहे तो!" भिंतीला पाठ टेकेपर्यंत सूर भरत गेला होता. टेबल आम्ही तिघांनी मिळून खिडकीकडे सरकवलं आणि खुर्ची मागे घेतली. तानपुरा लावला. जोडीच्या तारा झाल्यावर खर्जाची तार छेडली गेली आणि काकू म्हणाल्या, "हं."

पुढच्या आठवड्यात काकांनी साठ वॅटचा एक जुना, दुरुस्त केलेला ट्रान्झिस्टर ॲम्प नेला. वॉल्व्ह त्यांना आवडला होता, पण उन्हाळ्यात बंद हॉलमध्ये त्याची धग आणि दर काही वर्षांनी वॉल्व्ह बदलणं त्यांना नको होतं. मलाही तो निर्णय पटला. जाताना विचारत होते, सबवूफर घेऊ का? तुमच्या ऐकण्यात ६९ च्या खाली फारसं काही नाही, म्हणून नको म्हणालो. पखवाज ऐकायला लागलात तर या, तेव्हा बोलू.