आमची वाटचाल : टेबलापासून ग्रिडपर्यंत

कोल्हापुरात शाहूपुरीत एक खोली घेऊन २००६ ला वेबसाईटची कामं घ्यायला सुरुवात केली, तेव्हा पहिली गिऱ्हाईकं होती उद्यमनगरातले फाउंड्रीवाले, त्यांना बाहेरच्या पार्टीला दाखवायला कॅटलॉग पाहिजे असायचा. काम सगळं ड्रीमवीव्हर या वेबपानं बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये. पान बसवायचं म्हणजे टेबल, म्हणजे ओळी-रकान्यांचा तक्ता, मारायचं, टेबलात परत टेबल, आणि मधे जागा सोडायला एक पिक्सेलची (पडद्यावरच्या एका ठिपक्याएवढी) पारदर्शक जिफ, म्हणजे न दिसणारं चित्र, ताणून घालायची, तेव्हा बरेच जण असंच करायचे.

लेअरची पण सोय होती त्यात. माऊसनं चौकोन काढा, पाहिजे तिथं ओढून ठेवा, मागं कोडमध्ये डावीकडून इतके आणि वरून इतके पिक्सेल असं आपोआप लिहिलं जायचं. गिऱ्हाइकांना हे फार आवडायचं, शेजारी बसून "फोटो जरा उजवीकडं घ्या की" म्हटलं की लगेच सरकलेला दिसायचा. पण मजकूर दोन ओळी वाढला की वरचा डबा लांबतो आणि खालचा जागचा हलत नाही, मग अक्षरावर अक्षर. म्हणून आम्ही ठरवलं की वस्तू कुठं आहे हे सॉफ्टवेअरला सांगायचंच नाही, ती कुणाच्या शेजारी आहे, किती अंतर सोडून आहे आणि कुठल्या रेषेला लागून आहे ते सांगायचं. तेव्हा याला वेळ जास्त लागायचा, रेट तोच मिळायचा, तरी धरून राहिलो.

पुढं फ्लोटचा काळ आला, म्हणजे टेबलाऐवजी डबे डावी-उजवीकडं लावून पान मांडायचं. २०१० ला ईथन मार्कॉट यांनी रिस्पॉन्सिव्ह डिझाइनची, म्हणजे पडद्याच्या मापाप्रमाणं पान बदलायची, कल्पना मांडली, २०११ ला बूटस्ट्रॅप हा तयार कोडचा संच आला, त्याचं १२ कॉलमचं ग्रिड आमच्याकडं बरीच वर्षं चाललं. २०१७ च्या मार्चमध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी तिन्हींत सीएसएस ग्रिड, म्हणजे पानाची मांडणी आडव्या-उभ्या रेषांत सांगायची सोय, आलं तो महिना आमच्यासाठी सणच होता, कारण आम्ही जे इतकी वर्षं आडवाटेनं करत होतो ते आता ब्राउझरला सरळ सांगता यायला लागलं.

पण आमची खरी ओळख झाली ती मराठी पानांमुळं. तयार टेम्प्लेट सहसा इंग्रजी अक्षर धरून केलेली असतात. त्यात मराठी टाकली की ओळी एकमेकींना भिडतात, वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत आणि रफारात शिरतात, म्हणून आम्ही ओळीची उंची अक्षराच्या दीडपटीच्या खाली आणत नाही, बातम्यांसारखा लांब मजकूर असेल तर १.७ पर्यंत नेतो. बटणात "संपर्क" आणि "गूळ" शेजारी ठेवून बघा. दोन्ही नियमानं मधोमध असतात, पण एकाला वर अनुस्वार-रफार आणि दुसऱ्याला खाली ऊकार, त्यामुळं डोळ्याला एक वर गेलेलं वाटतं, एक खाली. सॉफ्टवेअर फॉन्टमध्ये ठरवलेली उंची मोजतं, दिसणारी शाई मोजत नाही. म्हणून आमच्याकडं बटणाच्या वरची-खालची मोकळी जागा फॉन्टप्रमाणं वेगळी ठरवतात, मुक्त फॉन्टला वेगळी, नोटोला वेगळी, आणि शेवटी शिरोरेषा एका ओळीत आल्यात का ते बघतात. मला विचाराल तर देवनागरीत अलाइनमेंटची, म्हणजे ओळीत लावायची, खरी रेघ शिरोरेषाच. आणि अक्षरांमधलं अंतर वाढवायची जी फॅशन आहे ना, ती मराठीत शून्यावर ठेवायची, नाहीतर शिरोरेषा तुटून शब्दाचे तुकडे दिसतात. दोन्ही कडा जुळवायचा हट्ट पण मोबाईलवर नको, मराठी शब्द लांब असतात आणि अरुंद कॉलममध्ये मधे भोकं पडतात, डावीकडून लावा आणि उजवी कड मोकळी सोडा.

आता नवीन मुलं फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरात ऑटो लेआउटवर, म्हणजे वस्तू आपोआप मांडायच्या सोयीवर, काम करतात, अंतरं ८ पिक्सेलच्या पटीत, हातानं सरकवायचं नाही हे त्यांना वेगळं सांगावं लागत नाही. सध्या एका पतसंस्थेचं काम चालू आहे, ठेवींच्या दरांचा तक्ता आहे, मुदत डावीकडं आणि टक्के उजव्या कडेला, दशांशाचे टिंब एकाखाली एक. सभासद बरेचसे वयस्कर आहेत, ते मोबाईलवर अक्षर मोठं करून वाचतात, म्हणून तक्ता २०० टक्क्यांवर नेऊन तपासल्याशिवाय आम्ही लिंक पाठवत नाही.

तुमच्या दुकानाचं किंवा संस्थेचं नाव मराठीत पाठवा, आधी ते बटणात आणि शीर्षकात बसवून दाखवतो, बाकीचं बोलणं मग करू.