झाडं न लावण्यासाठी निधी मागताना

सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी काढलेला, निधी मागायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती झाडं लावणार?" आमचं उत्तर होतं, एकही नाही. कागदपत्रांचा त्रास झाला तो झालाच, पण खरा वेळ गेला तो हे उत्तर समोरच्याच्या गळी उतरवण्यात.

आमचा ट्रस्ट छोटा. ट्रेकला एकत्र जाणारी माणसं, त्यात दोन-तीन शिक्षक, एक वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापक बाई आणि जमीन मोजणीतला एक निवृत्त माणूस. काम चालतं सह्याद्रीतल्या एका सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, रीलवाल्यांना आधीच पुष्कळ ठिकाणं सापडली आहेत. उन्हाळ्यात हा जांभ्याचा सडा तव्यासारखा तापलेला आणि काळा पडलेला असतो. पावसाळा सरत आला की त्याच दगडावर गेंद, सीतेची आसवं, तेरडा, कवला आणि किडे खाणारी दवबिंदू. पश्चिम घाटातली ३९ स्थळं २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेली, त्यात कास होतं. कासला गर्दी वाढली, तिथे संयुक्त वन व्यवस्थापन समितीने शुल्क आणि नियम आणले. ज्यांना गर्दी नको होती ते दुसरे सडे शोधू लागले, आणि त्यातले बरेच आमच्याकडे आले.

अडचण फुलं तोडण्याची नव्हती, निदान मुख्य ती नव्हती. अडचण पायवाटेची होती. गावातून सड्यावर आणि तिथून पुढे किल्ल्याकडे जाणारी वाट एका माणसापुरती होती. पावसात तिच्यात चिखल होतो, म्हणून माणूस कडेने चालतो. मागचा आणखी कडेने. वाट रुंद होत जाते आणि चढावर पाणी त्याच वाटेने उतरायला लागतं. सड्यावर मातीचा थर जेमतेम बोटभर असतो. तो एकदा वाहून गेला की खाली नुसता कातळ. यावर उपाय साधे आहेत: पाणी बाजूला काढायला वाटेत तिरके दगड बसवणं, चढावर तिथल्याच दगडांच्या पायऱ्या, शॉर्टकटच्या तोंडाला कारवीच्या वाळक्या काठ्यांचं कूड, गाड्या खालीच थांबवणं. सिमेंट अजिबात नाही. यात सामान फारसं लागतच नाही, लागते ती मजुरी, आणि तीही दरवर्षी.

वर्गणीतून एक हंगाम भागला. परदेशी निधीचा विचार आम्ही लवकरच सोडला. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या नोंदणीला तीन वर्षांचं काम आणि मुख्य कामांवर १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. पूर्वी मोठी संस्था परदेशी पैसा घेऊन त्यातला काही भाग छोट्या संस्थांना देऊ शकायची. २०२० च्या दुरुस्तीने तो रस्ता बंद केला. मग उरला सीएसआर.

सीएसआरचा कायदा, म्हणजे कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५, आम्ही आधी नीट वाचून काढला. हे काम सीएवर सोडू नका, स्वतः वाचा. नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी जुळलं तरी कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. ही रक्कम ५० लाखांच्या आत असेल तर वेगळी सीएसआर समिती नसली तरी चालतं, संचालक मंडळच निर्णय घेतं. ही बारीक तरतूद आमच्या फार उपयोगी पडली. मोठ्या नावांच्या मागे लागून आमच्या हाती 'आपला प्रस्ताव मिळाला' एवढीच स्वयंचलित मेल येत होती. आमच्याच जिल्ह्यातल्या एमआयडीसीत कारखाना असलेल्या मध्यम कंपनीत मात्र थेट निर्णय घेणाऱ्या माणसासमोर बसता आलं. कंपनीने आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असं कायदाच सांगतो, तेव्हा परक्या जिल्ह्यातल्या कंपन्यांच्या दारात जाऊन फार उपयोग नसतो.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, शेड्युल वनचा (तिथल्या नोंदवहीतल्या विश्वस्तांच्या नोंदीचा) ताजा उतारा, तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, पॅन, १२ए आणि ८०जी या आयकराच्या नोंदण्या, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक. आणि २०२१ च्या एप्रिलपासून सक्तीचा झालेला, संस्थेचा सीएसआर क्रमांक मिळवायचा सीएसआर-१ हा फॉर्म. त्याला विश्वस्ताची डिजिटल सही लागते आणि सीएचं प्रमाणीकरणही. शेड्युल वनमध्ये ज्यांची नावं आहेत तेच विश्वस्त प्रस्तावात हवेत. एखादा विश्वस्त वारला किंवा बदलला असेल, तर त्या बदलाचा चेंज रिपोर्ट मंजूर होईपर्यंत उताऱ्यावर जुनंच नाव राहतं आणि कंपनीची तपासणी करणारी मंडळी नेमकं तिथेच बोट ठेवतात. अशा कामाचा तीन वर्षांचा अनुभवही नियमातच मागितला आहे. नवीन संस्थेने जुन्या संस्थेबरोबर काम करावं हे बरं.

आता मुख्य अडचण. सीएसआरचा पैसा कशावर खर्च करता येतो ते कायद्याच्या सातव्या अनुसूचीत दिलं आहे. त्यात पर्यावरण, जीवसृष्टी आणि नैसर्गिक साधनांचं संवर्धन आहे, वारसास्थळं आहेत, ग्रामीण विकास आहे. खेळही आहेत, पण ते ग्रामीण, राष्ट्रीय मान्यतेचे, पॅरालिम्पिक आणि ऑलिम्पिक खेळांचं प्रशिक्षण म्हणून. डोंगरात चालायला जाणं यात कुठेच नाही. म्हणजे 'ट्रेकर्ससाठी पायवाट' असा प्रस्ताव दिला तर तो पहिल्याच चाळणीत गळतो. मॅरेथॉनसारखे एकदाच होणारे कार्यक्रम सीएसआरमध्ये धरले जाणार नाहीत हे केंद्राच्या कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाने २०१४ च्या परिपत्रकातच सांगितलं होतं, त्यामुळे 'सडा महोत्सव' भरवण्याची एका सभासदाची कल्पना तिथेच संपली. (बरंच झालं.) आम्ही प्रस्ताव माती आणि वनस्पतींच्या संवर्धनाचा केला. त्यात खोटं काही नव्हतं. वाट नीट असली की माणसं वाटेवरून चालतात आणि बाकीचा सडा वाचतो.

पण संवर्धन म्हटलं की झाडं आलीच. सातबाऱ्यावर सड्याची नोंद पोटखराब, म्हणजे लागवडीला अयोग्य, अशी आहे. लांबून बघणाऱ्याला ती रिकामी जागा वाटते. एका कंपनीने तर 'सडा हिरवा करा' म्हणून आमच्या मागणीपेक्षा जास्त रक्कम देऊ केली. तिला नकार देताना आमच्या खजिनदारांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. झाडं लावायची म्हणजे कातळात खड्डे पाडायचे, बाहेरून माती आणून भरायची, उन्हाळ्यात टँकरने पाणी घालायचं. त्या मातीबरोबर तणाचं बी येतं. झाड जगलंच तर त्याच्या सावलीत ही उन्हातली छोटी फुलं टिकत नाहीत. सड्यावर झाडं नसणं हाच सड्याचा स्वभाव आहे, हे प्रस्तावाच्या दहा पानांत आम्हाला धड सांगता आलं नव्हतं.

ते सांगितलं गावातल्या आबांनी. एमआयडीसीतल्या त्या कंपनीच्या मॅडम जागा बघायला आल्या होत्या. पाऊस थांबलेला, वारा सुटलेला. आबा म्हशी घेऊन तिथेच होते. मॅडमनी त्यांनाही तोच प्रश्न विचारला, इथे कुठली झाडं चांगली येतील म्हणून. आबांनी हातातली काठी जमिनीत रोवून दाखवली. ती टोकभर गेली आणि कातळावर खट्ट वाजली. "हितं झाड कुठलं जगतंय ताई? अन् जगलं तर म्हशी कुठं न्यायच्या?" मॅडमनी काठी स्वतः घेतली, दोन-चार ठिकाणी टेकवून पाहिली. मग खाली बसल्या. आमच्या प्राध्यापक बाईंनी त्यांना दवबिंदूच्या पानाला चिकटलेलं चिलट दाखवलं. मॅडम बराच वेळ ते बघत होत्या. परत उतरताना त्या म्हणाल्या, "झाडं नाहीत ते समजलं. पण मग मी बोर्डाला आकडा कसला देऊ?"

त्यांचा प्रश्न रास्त होता. खर्च ठरल्या कामावरच झाला, हे कंपनीच्या वित्त प्रमुखाला मंडळापुढे प्रमाणित करावं लागतं. आम्ही मग मोजता येणाऱ्या गोष्टी शोधल्या. वाटेवर ठरावीक ठिकाणी खडकावर खूण करायची आणि तिथे वाटेची रुंदी आणि घळीची खोली टेपने मोजायची, पावसाआधी आणि पावसानंतर. त्याच जागेवरून, त्याच दिशेने फोटो. वाटेच्या कडेला एक मीटरच्या चौकटीत कोणत्या जाती किती आहेत त्याची नोंद. बंद केलेले शॉर्टकट. गावातल्या माणसांना मिळालेले मजुरीचे दिवस. शेवटचा आकडा मंडळाला सगळ्यात आवडला असं नंतर कळलं.

जागेचं प्रकरण वेगळंच. वाटेचा खालचा भाग गायरानात, मधला वनखात्याच्या हद्दीत आणि वर थोडी मालकीची जमीन. मोजणीतला आमचा माणूस नसता तर आम्ही यात बुडालो असतो. वनहद्दीतल्या कामासाठी वनक्षेत्रपालांमार्फत उपवनसंरक्षकांकडे अर्ज गेला. नवीन काही बांधायचं नाही, आहे ती वाट दुरुस्त करायची आहे आणि काम संयुक्त वन व्यवस्थापन समिती करणार आहे, हे त्यात पहिल्याच परिच्छेदात होतं. गायरानासाठी ग्रामसभेचा ठराव हवा. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १००, यातली जी संख्या कमी असेल ती लागते. भाताच्या कापणीच्या दिवसांत एवढी माणसं कुठून येणार? ठराव तहकूब सभेत झाला, तिला गणपूर्ती लागत नाही. मालकीच्या जमिनीसाठी संमतीपत्रं घेतली, त्यात एकाचा सहहिस्सेदार मुंबईला असल्याने पोस्टाने कागद गेले-आले.

फलकांचंही असंच. सीएसआरच्या पैशातून तयार झालेली मालमत्ता कंपनीच्या नावावर राहू शकत नाही. ती सीएसआर क्रमांक असलेल्या ट्रस्टकडे, लाभार्थींच्या गटाकडे किंवा सार्वजनिक प्राधिकरणाकडे जायला हवी. आम्ही फलक आणि पार्किंगचे अडसर ग्रामपंचायतीकडे दिले, करारात तसं लिहून घेतलं. कंपनीच्या जाहिरात विभागाला मात्र सड्याच्या कड्यावर, सेल्फी घेतात तिथेच, मोठा लोगो हवा होता. उत्पादनाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये बसत नाही, हे नियम क्रमांकासह मॅडमना कळवलं आणि पुढचं त्यांनीच बघितलं. खाली पार्किंगजवळच्या फलकावर कंपनीचं नाव आहे, तेवढं रास्तच आहे.

बजेटवर एक जोरदार चर्चा झाली, आणि तिचा उपयोग इतर छोट्या संस्थांना होईल म्हणून सविस्तर लिहितो. कंपनीकडून कळवण्यात आलं की संस्थेचा प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर चालणार नाही. सगळ्या संस्था हे ऐकतात आणि मान्य करतात. प्रत्यक्षात नियमातली ही ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीने स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण कारभारावर केलेल्या खर्चाला आहे. एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख यांचा थेट खर्च तिच्यात येत नाही. कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाने ऑगस्ट २०२१ च्या प्रश्नोत्तरांच्या परिपत्रकातही हे सांगितलं आहे. आम्ही ते परिपत्रक जोडून पाठवलं. समन्वयकाचं मानधन, मोजमापाचा खर्च, मजुरांचा विमा हे सगळं प्रकल्प खर्चात मान्य झालं. भाडं आणि हिशेबनीस यांचा वाटा मात्र आम्ही सोडून दिला, तेवढी ओढाताण नको होती.

मग वेळापत्रक. कंपनीचं वर्ष ३१ मार्चला संपतं आणि आमची मंजुरी आली ऐन थंडीच्या शेवटी. वाटेचं काम मे अखेरपर्यंत चालतं आणि त्याचा परिणाम ऑक्टोबरशिवाय दिसत नाही. यावर उपाय कायद्यातच आहे. संचालक मंडळाने प्रकल्प 'चालू प्रकल्प' म्हणून ठरवला, तर न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवता येते आणि पुढची तीन आर्थिक वर्षं वापरता येते. प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर असा बहुवर्षीय आराखडा असेल तर मंडळाला तसा ठराव करणं सोपं जातं. आमच्या पानावर होता. नाहीतर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ताडपत्र्या आणि डस्टबिन खरेदी करून पैसे संपवावे लागले असते, आणि असे डस्टबिन मी बऱ्याच गडांवर गंजताना पाहिले आहेत.

पहिला हप्ता करारानंतर आला. दुसरा, पहिला ठरल्या कामावर खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र दिल्यावर. मजुरी रोख देऊ नका, खात्यावरच द्या, नाहीतर हजेरीपट कितीही नीट असला तरी ऑडिटर मान्य करत नाही. आबांच्या सुनेने सगळा हजेरीपट सांभाळला. दगड बसवण्याचं काम गावातल्या ताली घालणाऱ्या जुन्या माणसांनी केलं. आम्ही इंटरनेटवरून काढलेले आराखडे त्यांनी एकदा पाहिले आणि बाजूला ठेवले.

पहिल्या पावसात एक पायरी निखळली, बाकी टिकल्या. खुणांवरची वाट बहुतेक ठिकाणी अरुंद झाली आहे. किल्ल्याकडच्या वळणावर ती उलट रुंदावली, तिथे पाणी अजून वाटेतूनच येतं. अहवालात आम्ही दोन्ही लिहिलं. मॅडमनी फोन करून त्या वळणाचंच विचारलं.

५ जूनला कंपनीला पर्यावरण दिनाचा फोटो हवाच होता. तो गावातल्या शाळेच्या आवारात काढला, आंबा आणि जांभळाची रोपं लावून. तिथे माती आहे.

पुढच्या वर्षाचा प्रस्ताव आता मंडळासमोर आहे. यात नवीन कामाची रक्कम कमी आणि देखभालीची जास्त मागितली आहे. पार्किंगच्या शुल्कातून त्यातला किती भाग उचलायचा यावर ग्रामपंचायत आणि वन समितीत अजून एकमत झालेलं नाही. पुढची बैठक दिवाळीनंतर आहे.