घरातलं माणूस गेल्यावरची पहिली वारी

माउलींच्या पालखीबरोबर चालणाऱ्या आमच्या दिंडीत दरवर्षी दोन-चार जण असे असतातच, ज्यांच्या घरातलं कुणी नुकतंच गेलेलं असतं. तेराव्यापर्यंत घर भरलेलं, मग सगळे आपापल्या कामाला. घर खायला उठतं आणि कुणीतरी म्हणतं, वारीला जा, विसर पडेल. विसर पडत नाही. त्या आशेनं येऊ नका.

पुणे ते सासवड हा टप्पा तीस किलोमीटरच्या आसपास, त्यात दिवे घाट. दुःखात तहान-भूक कळत नाही, म्हणून घाटात चक्कर येते. अशा माणसाला आम्ही 'जेवणार का?' विचारत नाही, ताट हातात देतो. महिनाभर आधीपासून रोज पाच-सहा किलोमीटर चाला, आणि वारीत वापरातलीच चप्पल घाला. नव्या चपलेनं फोड येतातच. बीपीच्या गोळ्या नि ओआरएसची पाकिटं खांद्यावरच्या पिशवीत हवीत. बोजा ट्रकमध्ये जातो, तो थेट मुक्कामावर भेटतो.

चालताना टाळ मागून घ्या. अभंग पाठ नसला तरी चालतं. हात गुंतलेले असले की कुणी चौकशी करत नाही, आणि सहानुभूतीनं केलेली चौकशीच पहिल्या दिवसांत जास्त थकवते. घरी कोरडे राहिलेले डोळे इथं भलत्याच वेळी वाहतात, कधी चहाच्या रांगेतही. एकानं पाणी घेऊन शेजारी बसावं. 'रडू नका' म्हणू नये.

माळकऱ्यानं रडू नये म्हणणारेही भेटतात. सासवडला पालखी दोन रात्री थांबते. सोपानकाकांची समाधी तिथलीच. 1296 मध्ये ज्ञानदेवांनी समाधी घेतली, महिन्याभरात सोपानकाकांनी, पुढे काही महिन्यांत मुक्ताई गेली. धाकटी तिन्ही भावंडं निवृत्तिनाथांच्या डोळ्यांदेखत गेली, आणि नामदेवरायांनी रचलेल्या समाधीच्या अभंगांत निवृत्तिनाथांचा शोक झाकलेला नाही.

रात्री दोन-तीनला झोप मोडणं हे शोकाचं नेहमीचंच. घरी ती वेळ काढणं कठीण. राहुटीत मात्र तीनला कुणाची आंघोळ, कुणाची काकड्याची तयारी चालू असते. उठून बसलेला माणूस एकटा पडत नाही.

सलग तीन-चार दिवस झोप नाही, अन्न नाही, किंवा 'मलाही जायचंय' असं तोंडून आलं, तर चालणं थांबवायचं. माणूस सोबत ठेवायचा, तळावरच्या डॉक्टरांकडे न्यायचं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आम्ही राहुटीच्या खांबालाच चिकटवतो.

एकादशीच्या संध्याकाळीच गाडी पकडू नका; जमलं तर पौर्णिमेला गोपाळपूरचा काला करून निघा. घरी परतल्यावरचा पहिला आठवडा वारीआधीपेक्षा जड जातो. भोवतीची माणसं दुसऱ्यांदा उठून गेलेली असतात. चौथ्या दिवशी आम्ही फोन करतो. नंबर सासवडलाच लिहून घेतो, कारण पंढरपुरात त्या गर्दीत माणूसही सापडत नाही आणि नेटवर्कही.