तुम्ही विचारलंत म्हणून: बिबट्या समोर आला तर?

सुट्टीच्या दिवशी सकाळी मी जंगलातल्या पायवाटेच्या तोंडाशी उभी राहते आणि वर जाणाऱ्यांना वन्यप्राण्यांबद्दल चार गोष्टी सांगते. पैसे मिळत नाहीत, टोपी मिळते. हे कळलं की समोरच्याचा प्रश्न ठरलेला: "बिबट्या समोर आला तर काय करायचं हो?"

आधी त्याचं उत्तर देऊन टाकते. पळायचं नाही, पाठ फिरवायची नाही, खाली बसायचं नाही. पळणाऱ्याच्या मागे लागणं त्याच्या रक्तातच आहे, आणि बसलेला माणूस त्याला माणूस वाटतोच असं नाही. लहान मूल असेल तर त्याला कडेवर घ्यायचं, नजर मात्र बिबट्यावरच. हात वर, आवाज चढा, आणि सावकाश मागे सरकायचं. झालं. एवढं ऐकून निम्मे लोक चालायला लागतात. माझं खरं सांगणं तर इथून पुढे असतं, कारण बिबट्या बहुतेकांना दिसतच नाही. तो आपल्याला बघून कधीच बाजूला झालेला असतो.

माझ्या पिशवीत २३ मीटरची दोरी असते. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात गव्यासारख्या दिसणाऱ्या बायसनपासून किमान एवढं लांब राहायचा नियम आहे. अस्वल आणि लांडग्यासाठी तर ९१ मीटर. मी एका झाडाकडे बोट दाखवून म्हणते, "समजा, तिथं गवा उभा आहे. तुम्ही कुठे थांबाल?" लोक हसत हसत आठदहा पावलांवर जाऊन उभे राहतात. मग मी दोरी सोडते. ती संपेपर्यंत हसणं थांबलेलं असतं. "एवढ्या लांबून फोटो कसा यायचा?" हे कुणीतरी म्हणतंच. येत नाही. नाही आला तर नाही आला. दोरी काही प्रत्येकजण बाळगणार नाही, म्हणून अंगठा शिकवते: हात सरळ ताणायचा, एक डोळा मिटायचा, आणि अंगठ्याआड अख्खा प्राणी झाकला गेला पाहिजे. झाकला जात नसेल तर तुम्ही जवळ आहात.

मला स्वतःला धास्ती वाटते ती आग्यामोहोळाची. उग्र अत्तर, धूर, गंमत म्हणून भिरकावलेला दगड, यातलं काहीही पुरतं. एका माशीनं डंख मारला की पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो, आणि तो बाकीच्यांना बोलावणं धाडतो. बिबट्यासमोर पळायचं नाही म्हणाले ना? इथं पळायचं. तोंड झाकून, हात न झटकता, गाडीत किंवा घरात शिरेपर्यंत. पाण्यात उडी मारून उपयोग नाही, माश्या वर वाट बघत बसतात. काटे मात्र लगेच काढायचे. नखानं काढा नाहीतर चिमटीनं, वेळ घालवू नका.

सापांच्या बाबतीत एक चूक मी स्वतः केली आहे. विषारी कोणते, बिनविषारी कोणते, अशी चित्रं घेऊन जायचे. छान गर्दी व्हायची. एकदा वर गेले तर एक मुलगा काठीनं पानं सारत वाकलेला. "मॅडम, डोक्याचा आकार बघतोय, तुम्हीच सांगितलंत ना." सुदैवानं साप निघून गेला. चित्रं त्या दिवसापासून कपाटात आहेत. आता एवढंच सांगते: ओळखायला जाऊ नका. चावलाच, तर तो मारून दवाखान्यात न्यायची गरज नाही. अंगठी, घड्याळ काढा, करकचून बांधू नका, चिरू नका, चोखू नका. चावलेला भाग न हलवता दवाखाना गाठा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं सर्पदंशानं दरवर्षी ८१ हजार ते १ लाख ३८ हजार माणसं मरतात, आणि तरी मला आजवर "साप आला तर?" असं कुणी आपणहून विचारलेलं नाही.

लोक ऐकतात का, हाही एक प्रश्न असतो. कानात इअरफोन घालून जाणारे ऐकत नाहीत. ते वर गेल्यावर पाचोळ्यातली खसखसही ऐकत नाहीत.

परवा एक आजोबा खाली उतरताना लांबूनच मला अंगठा दाखवत आले. मला वाटलं, कौतुक करतायत. जवळ येऊन म्हणाले, "गवा होता. अंगठ्याआड मावला, पण शिंगं बाहेर राहिली. म्हणून आणखी मागे आलो."