कोंबडीच्या पेशीतला पी३८ दिसेपर्यंत: माझा अनुभव

पीएचडीचं दुसरं वर्ष जवळजवळ अख्खं एका बँडच्या, म्हणजे प्रोटीन दाखवणाऱ्या काळ्या पट्टीच्या, मागे गेलं. कोंबडीच्या पेशींवर नव्याने काम सुरू करणाऱ्या कुणाचे तरी दोन-तीन महिने वाचावेत म्हणून लिहितेय.

विषय वाचायला सोपा आहे. बॅक्टेरियाचं एलपीएस (त्यांच्या बाहेरच्या आवरणातला रेणू) मॅक्रोफेजला (जंतू गिळणाऱ्या पेशीला) लागलं की तिच्यावरच्या टीएलआर४ या रिसेप्टरकडून आत निरोप जातो आणि तो पुढे पोचवतात कायनेज, म्हणजे एक कायनेज एटीपीमधला फॉस्फेट काढून पुढच्या प्रोटीनला चिकटवतो, तो जागा होतो, तो त्याच्या पुढच्याला जागं करतो, असं करत करत शेवटी न्यूक्लियसमध्ये जीन चालू होतात आणि पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडायला लागते. मला या साखळीतला पी३८ हा कायनेज, फॉस्फेट चढलेल्या अवस्थेत, पकडायचा होता.

आधी रक्तातून हेटरोफिल काढून बघितले, कोंबडीत न्यूट्रोफिलच्या (जंतूंशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या) जागी तेच असतात. पण कोंबडीच्या लाल पेशींनाही न्यूक्लियस असतं, त्या फुटल्या की डीएनए बाहेर येतो आणि ट्यूबमध्ये शेंबडासारखा चिकट गोळा होतो, पिपेट अडकतं. चार वेळा तेच झालं, मग सरळ एचडी११ या कोंबडीच्या मॅक्रोफेज सेल लाइनवर (लॅबमध्ये सतत वाढवता येणाऱ्या पेशींवर) आले.

अँटीबॉडी माणसाच्या पी३८ वर बनवलेली होती, त्यामुळे धाकधूक होती. सीक्वेन्स शेजारी शेजारी लावून बघितला, तर फॉस्फेट बसतो ती थ्रिओनीन-ग्लायसीन-टायरोसीनची जागा कोंबडीतही तशीच आहे. तरी ब्लॉट (प्रोटीन पडद्यावर घेऊन अँटीबॉडीने शोधायची चाचणी) कोरा. कधी कोरा, कधी सगळाच काळा.

चुका माझ्याच होत्या. एलपीएस देऊन मी दोन तास थांबत होते, आणि फॉस्फेट तर काही मिनिटांत चढतो नि उतरायलाही लागतो. मग ०, ५, १५, ३०, ६० मिनिटं असे पॉइंट घेतले. प्लेट बर्फावर ठेवली, लायसिस बफरमध्ये (पेशी फोडायच्या द्रावात) सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट आणि सोडियम फ्लोराइड घातलं, नाहीतर पेशी फुटल्यावरही फॉस्फटेज फॉस्फेट काढतच राहतात. ब्लॉकिंगला (अँटीबॉडी पडद्यावर भलतीकडे चिकटू नये म्हणून) दूध वापरत होते, त्यातलं केसीन स्वतःच फॉस्फेटवालं प्रोटीन, तो काळेपणा बहुधा तिथूनच येत होता, बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रोटीन) घेतल्यावर गेला. त्या दिवशी १५ मिनिटांच्या लेनमध्ये ठसठशीत बँड आला आणि मी फिल्म हातात धरून तशीच उभी राहिले, खरंच डोळ्यात पाणी आलं.

पण खरं शिकले ते पुढे. एसबी२०३५८० हा पी३८ चा इनहिबिटर (त्याचं काम अडवणारं रसायन) दिला आणि बँड गेलाच नाही! तीन आठवडे डोस वाढवत बसले, इनहिबिटर खराब आहे असं धरून. शेवटी यंत्रणा नीट वाचली. हा इनहिबिटर पी३८ च्या एटीपीच्या खाचेत बसून त्याचं काम थांबवतो, त्याच्यावर फॉस्फेट चढवतात ते वरचे एमकेके३ आणि एमकेके६, आणि त्यांना हा हात लावत नाही. म्हणजे पी३८ वर फॉस्फेट आहे, फक्त तो काम करत नाहीये. यू०१२६ या दुसऱ्या इनहिबिटरचं उलट, ते ईआरके या शेजारच्या कायनेजच्या वर असलेल्या मेकलाच अडवतं, म्हणून तिथे ईआरकेचा फॉस्फोबँड खरोखर जातो. हा फरक मला पहिल्या महिन्यात कळायला हवा होता.

मग पी३८ च्या बँडऐवजी त्याच्या कामाचा परिणाम मोजला. २४ तासांनी माध्यमातलं नायट्राइट (नायट्रिक ऑक्साइडपासून बनणारं) ग्रीस या रंग देणाऱ्या चाचणीने बघितलं, एलपीएससोबत नुसतं डीएमएसओ (इनहिबिटर विरघळवायचा द्राव) दिलेल्या वेलमध्ये, म्हणजे प्लेटच्या खळग्यात, गडद गुलाबी आणि इनहिबिटरच्या वेलमध्ये फिका रंग. पेशी मेल्या म्हणून तर फिका नाही ना, हे बघायला एमटीटी ही पेशी जिवंत आहेत का ते दाखवणारी चाचणी केली, पेशी ठीक होत्या.

आता जेएनके या आणखी एका कायनेजची पाळी आहे. त्याचा इनहिबिटर एसपी६००१२५ पण एटीपीच्याच खाचेत बसतो, म्हणून यावेळी फॉस्फो सी-जूनची (जेएनके ज्याच्यावर फॉस्फेट चढवतो त्या प्रोटीनची) अँटीबॉडी आधीच मागवून ठेवलीय.