कोकणकड्याचा टी-शर्ट : चित्रापासून पॉझिटिव्हपर्यंत

आमच्या ट्रेकिंग गटासाठी जो टी-शर्ट करायचा ठरला आहे, त्याचे चित्र आता पक्के झाले असून तिन्ही रंगांचे पॉझिटिव्ह, म्हणजे स्क्रीन प्रिंटिंगची जाळी तयार करण्यासाठी प्रकाश आरपार जाणाऱ्या कागदावर काळ्यात छापलेली चित्रे, तयार आहेत. विषय आहे हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आणि सूर्य पाठीशी असताना समोरच्या ढगात क्वचित उमटणारे इंद्रवज्र, म्हणजे गोल रंगीत वलय. कापड गडद निळे, शाई प्लॅस्टिसोल (उष्णतेने पक्की होणारी प्लॅस्टिकयुक्त शाई) आणि रंग पांढरा, पिवळा व नारिंगी एवढेच.

प्रत्येक रंगाला स्वतंत्र स्क्रीन, म्हणजे चौकटीवर ताणलेली छपाईची जाळी, लागते, म्हणून तीन रंगांची मर्यादा खर्चापायी घालून घेतली होती. पण ती चित्राच्या पथ्यावरच पडली, असे माझे मत झाले आहे. इंद्रवज्राची तांबूस छटा बाहेरच्या बाजूला आणि निळसर छटा आतल्या बाजूला असते. त्यामुळे सर्वांत बाहेर नारिंगी वलय, त्याच्या आत पिवळ्यावर विरळ होत जाणारे नारिंगी ठिपके, मग निव्वळ पिवळा, मग पांढरा आणि मधोमध काहीही न छापता मोकळे सोडलेले निळे कापड, अशी मांडणी करता आली. कड्याच्या आत वळलेल्या भागातला काळोखही कापडाचाच आहे; त्यावर कातळाचे थर तेवढे पांढऱ्या रेषांनी दाखवले आहेत. या रेषा ०.३५ मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवलेल्या नाहीत, आणि दोन रेषांमधली मोकळी फट अर्ध्या मिलिमीटरच्या खाली जाऊ दिलेली नाही, कारण शाई कापडावर थोडी तरी पसरतेच आणि अरुंद फटी आधी बुजतात.

अक्षरांना अपेक्षेपेक्षा जास्त वेळ द्यावा लागला. ‘हरिश्चंद्रगड’ हे नाव एक टाइपच्या ‘मुक्ता’ या फाँटमध्ये इंकस्केप या चित्रकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करून मी त्याचे पाथमध्ये, म्हणजे निव्वळ आकारांमध्ये, रूपांतर केले. देवनागरीत हे करताना एक गोष्ट पाहावीच लागते : शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर किंचित चढलेल्या असतात, आणि ते आकार ‘कंबाईन’ या आज्ञेने नुसते एकत्र केले तर चढलेला भाग पोकळ धरला जाऊन शिरोरेषेत बारीक खाचा पडू शकतात. पडद्यावर त्या नजरेतून सुटतात, पॉझिटिव्हवर मात्र स्पष्ट उमटतात. त्यामुळे कंबाईनऐवजी आकार सलग जोडणारी युनियन, किंवा कोरल या सॉफ्टवेअरमध्ये वेल्ड, ही आज्ञा वापरणे, हाच मार्ग धरावा. ‘श्च’मधली पोकळी मी हाताने थोडी मोठी केली आणि अनुस्वाराचा ठिपका शिरोरेषेपासून जरा वर उचलला, तो मूळ जागी राहिला असता, तर शाई पसरल्यावर रेषेला चिकटला असता.

पिवळा आणि नारिंगी हे रंग निळ्या कापडावर थेट छापले तर मळकट दिसतात, म्हणून त्यांच्याखाली पांढऱ्याचा थर हवा. खादीचा पांढरा (पाण्यात मिसळणारी पांढरी शाई) स्वस्त पडतो, पण तो बारीक मेशमधून, म्हणजे स्क्रीनच्या जाळीतून, सहज उतरत नाही आणि हाताला जाड लागतो. प्लॅस्टिसोल निवडण्याचे कारण तेच. खालचा पांढरा वरच्या रंगापेक्षा सगळीकडून पाव मिलिमीटर आत घेतला आहे, जेणेकरून स्क्रीन केसभर सरकली तरी कडेने पांढरी किनार डोकावणार नाही. त्यासाठी पांढऱ्या थराच्या आकारांना कापडाच्या रंगाची अर्धा मिलिमीटर जाडीची बाह्यरेषा दिली. तिचा निम्मा भाग आकाराच्या आत पडतो आणि हवा तेवढा चोक, म्हणजे आत घेतलेली कड, आपसूक मिळतो. जिथे पांढरा हाच दिसणारा रंग आहे, त्या कातळरेषांना अर्थातच हात लावलेला नाही.

हाफटोन, म्हणजे लहानमोठ्या ठिपक्यांनी दाखवलेली छटा, फक्त नारिंगीत आहे, आणि हा निर्णय मी जाणूनबुजून घेतला. एकाच रंगात ठिपके असले की ठिपक्यांच्या ओळींच्या कोनांची गुंतागुंत उरत नाही : ४५ एलपीआय (इंचाला ठिपक्यांच्या ओळी) आणि २२.५ अंश एवढे ठरवले की काम भागते. मेश एलपीआयच्या साधारण पाचपट बारीक हवी, या हिशेबाने नारिंगीसाठी इंचाला २३० धाग्यांची, तर पांढऱ्यासाठी जास्त शाई सोडणारी ११० धाग्यांची स्क्रीन घेतली आहे. कापडावर ठिपका फुगतो आणि पन्नास टक्क्यांची छटा बरीच गडद उतरते, म्हणून मधल्या छटा आधीच फिक्या केल्या, दहा टक्क्यांखालचे ठिपके काढून टाकले आणि नव्वदच्या वरचा भाग सरळ भरीव केला.

पॉझिटिव्ह लेझर प्रिंटरवर ट्रेसिंग पेपरवर काढले. प्रिंटरच्या उष्णतेने हा कागद आकसतो, म्हणून सगळे कागद आधी एकदा कोरेच प्रिंटरमधून फिरवून घेतले, मग तिन्ही रंग एकाच बैठकीत आणि कागदाची दिशा न बदलता छापले. त्यानंतर समोरासमोरच्या रजिस्ट्रेशन खुणांमधले (रंग एकमेकांवर जुळवण्यासाठीच्या खुणांमधले) अंतर पोलादी पट्टीने मोजले, तेव्हा ते तिन्हींवर सारखे भरले. पांढऱ्याच्या पॉझिटिव्हमध्ये मोठे भरीव भाग आहेत. तो ट्यूबलाइटसमोर धरला असता टोनरमध्ये सुईच्या टोकाएवढी छिद्रे दिसली आणि ती ओपेकने, म्हणजे प्रकाश अडवणाऱ्या रंगाने, एकेक करून बुजवावी लागली. स्क्रीन प्रिंटिंगसाठी चित्र उलटे छापण्याची गरज नसते : सुलटा छापलेला पॉझिटिव्ह टोनरची बाजू वर करून काचेवर ठेवला की टोनर थेट इमल्शनला, म्हणजे स्क्रीनवरच्या प्रकाशाने घट्ट होणाऱ्या लेपाला, टेकतो आणि कडा तीक्ष्ण येतात.

छपाईचा क्रम पांढरा, फ्लॅश (उष्णतेने शाई वरवर सुकवणे), पिवळा, नारिंगी असा राहील, आणि तो प्रत्येक पॉझिटिव्हच्या कोपऱ्यात लिहून ठेवला आहे. चित्राची रुंदी २६ सेंटीमीटर ठेवली आहे; एकाच स्क्रीनवर सगळी मापे उरकायची, तर लहान मापाच्या शर्टावर ती काखेच्या शिवणीकडे जाऊ नये एवढेच पाहायचे आहे, आणि त्यासाठी कोरा शर्ट टेबलावर चढवून कॉलरखाली चार बोटांवर पॉझिटिव्ह ठेवून बघणे बाकी आहे.